हॅरी हार्लो : सोबत, एकटेपण आणि दारू

माकडांच्या पिल्लांना सोबत किती गरजेची असते, हे जगाला दाखवून देणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो स्वतः मात्र नैराश्य आणि दारू यांच्याशी झगडत राहिले.

हार्लो यांचा जन्म १९०५ साली आयोवा राज्यात झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठातून १९३० मध्ये डॉक्टरेट मिळवून ते विस्कॉन्सिन विद्यापीठात रुजू झाले. तेथे ऱ्हीसस माकडांवरील त्यांचे संशोधन गाजले. आईपासून दूर केलेली पिल्ले दूध देणाऱ्या तारेच्या बाहुलीपेक्षा मऊ कापडाच्या बाहुलीलाच बिलगतात, हे त्यांनी १९५८ मध्ये मांडले. पुढे त्यांनी काही पिल्ले जन्मापासून कित्येक महिने एकटी कोंडून ठेवली. बाहेर काढल्यावर ती स्वतःलाच कवटाळून झुलत बसत, इतरांत मिसळत नसत. या प्रयोगांतील क्रौर्यावर आजही टीका होते.

१९७१ मध्ये पत्नी मार्गारेट कर्करोगाने गेल्या. तीव्र नैराश्यासाठी हार्लो यांना विजेच्या झटक्यांचे उपचारही घ्यावे लागले होते. १९७२ मध्ये शिष्य स्टीफन सुओमी यांच्यासह त्यांनी एक आशादायक निष्कर्ष प्रसिद्ध केला. सहा महिने एकटी राहिलेली पिल्ले तीन महिन्यांच्या लहान, खेळकर माद्यांच्या सहवासात ठेवल्यावर काही महिन्यांत बरीच सावरली. त्या छोट्या माद्या सुरुवातीला त्यांना बिलगत होत्या.

१९८१ मध्ये हार्लो यांचे निधन झाले. त्यानंतर दहा वर्षांनी सुओमी आणि सहकाऱ्यांनी हा धागा दारूपर्यंत नेला. आईविना, फक्त समवयस्कांत वाढलेली माकडे एरवीही आईजवळ वाढलेल्यांपेक्षा जास्त दारू पीत. पण आईजवळ वाढलेल्यांनाही सोबत्यांपासून तोडून एकटे ठेवले, तेव्हा त्यांचे पिणे वाढून जवळपास तेवढेच झाले.

समवयस्कांची सोबत सावरू शकते. पण ती आईची जागा घेऊ शकत नाही. आणि भक्कम आधार मिळालेल्यालाही एकटेपण दारूकडे ढकलू शकते. माकडांवरचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. तरीही व्यसनी माणसाची बाटली काढून घेताना त्याच्याजवळ कोण उरले आहे, हेही पाहायला हवे.