बायकी मुलाची शाळा

इंग्लंडच्या केंट परगण्यात टनब्रिज नावाचं गाव आहे. तिथं १५५३ साली स्थापन झालेली एक नामांकित शाळा आहे आणि त्या शाळेत आज एक नाट्यगृह आहे. नाट्यगृहाला ई. एम. फॉर्स्टरचं नाव दिलेलं आहे. 'अ पॅसेज टु इंडिया' लिहिणारा हाच तो कादंबरीकार. मोठ्या झालेल्या विद्यार्थ्याचं नाव शाळेनं इमारतीला द्यावं यात नवल काही नाही. आपल्याकडेही हे चालतं. पण फॉर्स्टर नावारूपाला आल्यावर त्याच्या एका शाळासोबत्याला कुणीतरी त्याच्याविषयी विचारलं, तेव्हा त्या गृहस्थाला दोनच गोष्टी आठवत होत्या. एक, तो पोरगा बायल्या होता. आणि दोन, आपण सगळ्यांनी मिळून त्याला चांगलाच पिडला होता. हे सांगताना त्याला शरम वाटलेली दिसत नाही. उलट थोडी फुशारकीच होती.

मी फॉर्स्टर पहिल्यांदा वाचला तो परीक्षेपुरता. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्याची चरित्रं हाती आली आणि त्या शाळासोबत्याची ती आठवण मनातून हलेना.

फॉर्स्टरचा जन्म १ जानेवारी १८७९चा, लंडनमधला. सरकारी नोंदणीत त्याचं नाव हेन्री लावलं गेलं. बारशाच्या दिवशी चर्चच्या माणसानं बापाला मुलाचं नाव विचारलं. बापाला वाटलं आपलंच विचारतोय, म्हणून त्यानं एडवर्ड सांगितलं आणि तेच कायम झालं. (नावातल्या अशा तफावतीपायी खातेदारांना किती प्रतिज्ञापत्रं करावी लागतात, हे बँकवाल्यांना विचारा.) घरची माणसं त्याला मधल्या नावानं, मॉर्गन म्हणून हाक मारीत.

बाप वास्तुशास्त्रज्ञ होता. तो १८८० साली क्षयानं गेला. मागं राहिली तरुण विधवा आई लिली आणि भोवती आत्या, मावश्या, आज्या. सगळं घर बायकांचं. १८८३ साली मायलेक हर्टफर्डशरमधल्या 'रूक्सनेस्ट' या घरात राहायला गेले आणि पुढची दहा वर्षं मॉर्गनच्या आयुष्यातली सुखाची वर्षं ठरली. लांब कुरळे केस, मखमली पोशाख, पुस्तकांचा नाद आणि बागेत काम करणाऱ्या पोराशी मैत्री, असं ते बालपण. बापाच्या मावशीनं, मेरिअन थॉर्नटननं, मरताना त्याच्या नावे आठ हजार पौंड ठेवले. त्या पैशावर त्याचं शिक्षण झालं आणि पुढं नोकरीची फिकीर न करता लिहिताही आलं.

अशा मुलाला १८९० साली, वयाच्या अकराव्या वर्षी, ईस्टबर्नच्या निवासी शाळेत घातलं. मैदानी खेळ त्याला जमत नव्हते. घरची आठवण आली की रडू आवरत नव्हतं. मुलांच्या टोळक्याला आणखी काय हवं असतं? आईला लिहिलेल्या पत्रांत तो आपलं दुःख कळवीत राही. आईनं शेवटी बिऱ्हाडच हलवलं. १८९३ साली ती टनब्रिजला येऊन राहिली, म्हणजे मुलाला घरून शाळेत जाता येईल.

आईचा हेतू चांगलाच होता, पण त्यातून भलतंच झालं. इंग्लंडमधल्या पब्लिक स्कुलात वसतिगृहात राहणारी मुलं म्हणजे शाळेचे खरे धनी. घरून येणारी मुलं दुय्यम, गावातली, कमअस्सल. वास्तविक ही शाळा काढली होती ती गावच्या मुलांसाठीच. पुढं फी भरून बाहेरगावची मुलं येऊ लागली आणि गावचीच मुलं उपरी झाली. आधीच नाजूक, त्यात आईचा लाडका, त्यात घरून डबा घेऊन आल्यासारखा येणारा. मॉर्गनच्या अंगावर अशा तीन खुणा होत्या आणि त्या लांबून ओळखू येत होत्या.

एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. आपला कल कुठं आहे हे त्या वयात मॉर्गनला स्वतःला ठाऊक नव्हतं. स्त्रीपुरुषसंबंधांविषयीचं त्याचं अज्ञान तर तिशीपर्यंत टिकलं. छळणाऱ्या पोरांना ते ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही. त्यांनी पाहिलं ते एवढंच, की हा पोरगा पोरासारखा नाही. आपल्या शाळांतही हेच चालतं. चालणं, बोलणं, हातवारे, आवाज फुटायला लागलेला उशीर, यांतलं काहीही पुरतं. बायल्या, छक्का हे शब्द मराठी शाळेच्या मैदानावर ज्याला ऐकावे लागले नाहीत, त्यानं ते दुसऱ्याला लागताना तरी ऐकलेच आहेत. ते ज्याच्यावर फेकले जातात तो पुढं समलिंगी निघतो किंवा निघत नाही, शब्द मात्र सारखेच लागतात. मी ज्या शाळेत शिकलो तिथं कवायतीचे एक मास्तर असा शब्द स्वतःच वापरीत आणि सगळी रांग हसे. मोठ्या माणसानं हसण्याची परवानगी दिली की मुलांचं काम सोपं होतं.

टनब्रिजला नेमकं काय काय घडलं ते फॉर्स्टरनं तपशीलवार कधी सांगितलं नाही. पण १९०७ सालच्या 'द लाँगेस्ट जर्नी' या कादंबरीत त्यानं ती शाळा सॉस्टन या नावानं उभी केली. तिथं मोठ्या कानांचा एक मुलगा आहे. त्याचे कान ओढण्याचा खेळ सुरू होतो आणि पोरगा आजारी पडेपर्यंत चालतो. पण माझ्या मते त्याहून भयंकर प्रसंग कादंबरीच्या सुरुवातीलाच आहे. नायक रिकी पायानं अधू. त्याला शाळेत छळणारा जेराल्ड आता रुबाबदार लष्करी अधिकारी झालेला आहे. जेराल्डची वाग्दत्त वधू त्याला विचारते, तू खरंच त्याला छळत होतास का? तो कबूल करतो. आणि दुबळा मुलगा बलवानाच्या तावडीत सापडलेला डोळ्यांपुढं आणून त्या मुलीला आतून आनंदाची शिरशिरी येते. छळणारी मुलं असतातच. त्यांच्याकडं कौतुकानं पाहणारं घरदारही असतं, हे फॉर्स्टरनं नेमकं टिपलं आहे.

तो सोळा वर्षांचा असताना, १८९५च्या मे महिन्यात, ऑस्कर वाइल्डला दोन वर्षं सक्तमजुरीची शिक्षा झाली. दहा वर्षांपूर्वीच, १८८५ साली झालेल्या कायद्यानं पुरुषापुरुषांतल्या संबंधांना ती वाट करून ठेवली होती. भारतात तर कलम ३७७ इंग्रजांनी १८६० सालीच दंड संहितेत घातलं होतं. मैदानावर पोरं ज्याला बायल्या म्हणत, त्याला मोठेपणी तुरुंग दाखवण्याची सोय सरकारनंच करून ठेवलेली होती.

१८९७ साली मॉर्गन केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात गेला आणि पहिल्यांदा मोकळा श्वास घेऊ लागला. तिथं न खेळणाऱ्या मुलालाही मित्र मिळत होते. १९०६ साली त्याच्याकडं शिकवणीला एक हिंदी तरुण आला, सर सय्यद अहमद खानांचा नातू सय्यद रॉस मसूद. फॉर्स्टरचं त्याच्यावर प्रेम बसलं. मसूदची मैत्री जिव्हाळ्याची होती, पण तेवढीच. त्याच ओढीनं फॉर्स्टर ऑक्टोबर १९१२मध्ये मुंबईला उतरला. औरंगाबाद, वेरूळ त्यानं पाहिलं. 'अ पॅसेज टु इंडिया' १९२४ साली निघाली, ती मसूदलाच अर्पण केलेली आहे.

मधल्या काळात, १९१३-१४ साली, त्यानं आणखी एक कादंबरी लिहून ठेवली होती, 'मॉरिस'. दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट, आणि तिचा शेवट सुखाचा. तो सुखाचाच असला पाहिजे याविषयी त्याचा हट्ट होता. कादंबरी सुरू होते शाळेच्या समुद्रसहलीत. चौदा वर्षांच्या मॉरिसला वडील नाहीत म्हणून डूसी नावाचे मास्तर त्याला बाजूला घेतात आणि स्त्रीपुरुषसंबंध समजावून सांगण्यासाठी वाळूत आकृत्या काढतात. बोलणं उरकून पुढं निघाल्यावर त्यांच्या ध्यानात येतं की आकृत्या पुसायच्या राहिल्या, आणि तिकडून तर कुटुंबवत्सल माणसं फिरत येताहेत. मास्तरांना घाम फुटतो. भरतीनं एव्हाना पुसल्या असतील, असं शेवटी मुलगाच त्यांना सांगतो. पण त्या क्षणी मास्तर त्याच्या मनातून उतरतात. भित्रे आणि खोटारडे, असा शेरा तो मनोमन मारतो.

मॉरिसचं हस्तलिखित निवडक मित्रांनी वाचलं आणि ते पुन्हा बंद झालं. बँकेत सेफ कस्टडीला मोहोरबंद पाकिटं ठेवणारे लोक मी बरेच पाहिले. आत काय आहे ते आम्ही विचारायचं नसतं, पावती द्यायची असते. काहींची पाकिटं त्यांच्या पश्चात वारसच उघडतात. फॉर्स्टरचं पाकीट ५७ वर्षं बंद राहिलं.

१९२१ साली तो पुन्हा हिंदुस्थानात आला, तो देवास थोरली पातीच्या पवार महाराजांचा खाजगी चिटणीस म्हणून. मराठी वाचकाला हा भाग जवळचा वाटावा. तुकोजीराव महाराज मराठा संस्थानिक, भाविक, लहरी, मनानं मोठे. तिथली गोकुळाष्टमी त्यानं डोळे भरून पाहिली आणि कादंबरीच्या शेवटच्या भागात उतरवली. आपला कल त्यानं महाराजांपुढं उघड केला तेव्हा महाराजांनी त्याला हाकलून दिलं नाही, समजून घेतलं. पण याच ठिकाणी एक काळा प्रसंगही आहे. राजवाड्यातल्या एका तरुण न्हाव्याशी त्याचा संबंध आला, आणि पुढं आपण त्या मुलाशी दुष्टपणे वागलो, तो गुलाम आणि आपण जाब न विचारता येणारे मालक अशी भावना आपल्यात शिरली, हे फॉर्स्टरनं स्वतःच लिहून ठेवलं. ते त्याच्या मृत्यूनंतर छापलं गेलं. काही चाहते हे पान चटकन उलटतात. मला ते उलटावंसं वाटत नाही. ज्याचा छळ झाला त्याच्याच हातात सत्ता आली, तेव्हा काय घडलं हे त्यानं लपवलं नाही.

१९२४नंतर पुढच्या ४६ वर्षांत त्यानं एकही कादंबरी प्रसिद्ध केली नाही. जे लिहायला हवं ते छापता येत नाही आणि जे छापता येतं त्याचा कंटाळा आला, असं त्याचं झालं होतं. निबंध मात्र लिहिले. इंग्रजी पब्लिक स्कूल मुलांची शरीरं उत्तम घडवते, डोकी बऱ्यापैकी घडवते आणि हृदयं कच्चीच ठेवते, असं त्याचं निदान होतं. १९३३ साली एका साप्ताहिकात त्यानं शाळा सोडणाऱ्या मुलांपुढचं एक काल्पनिक भाषण लिहिलं. शाळेचे दिवस सुखाचे नव्हते, आणि शाळा म्हणजेच छोटं जग हे शाळेनं सांगितलं ती तिची सर्वांत मोठी फसवणूक होती, असा त्याचा सूर होता. छळ सोसणाऱ्या मुलाला हे कुणीतरी वेळेवर सांगायला हवं असतं.

लाजरा म्हणून भित्रा मात्र नव्हता. दोन स्त्रियांच्या प्रेमावरच्या 'द वेल ऑफ लोनलिनेस' या कादंबरीवर १९२८ साली खटला झाला, तेव्हा व्हर्जिनिया वुल्फबरोबर तो तिच्या बाजूनं उभा राहिला. १९३४ साली नागरी स्वातंत्र्यासाठी निघालेल्या राष्ट्रीय मंडळाचा तो पहिला अध्यक्ष झाला. आई १९४५ साली वारली. तोवर, वयाच्या ६६व्या वर्षापर्यंत, तो तिच्याजवळ राहिला. त्याचं सर्वांत टिकाऊ प्रेम बॉब बकिंगहॅम या पोलिसावर होतं. बॉबची बायको मे हिलाही कालांतरानं ते कळलं, आणि फॉर्स्टरच्या अखेरच्या दुखण्यात तिनंच त्याची शुश्रूषा केली. ७ जून १९७० रोजी कॉव्हेन्ट्रीला, त्यांच्याच घरी, त्याचा शेवट झाला. इंग्लंडमध्ये कायदा १९६७ साली बदलला होता, तोही २१ वर्षांवरच्यांपुरता. तो बदल पाहायला तो होता.

'मॉरिस' १९७१ साली प्रसिद्ध झाली. १९८७ साली तिचा चित्रपट निघाला. निर्माते आपल्या मुंबईचे इस्माईल मर्चंट. आणि पुढच्याच वर्षी, १९८८ साली, ब्रिटिश संसदेनं एक कलम संमत केलं : स्थानिक संस्थांनी समलिंगी संबंधांना उत्तेजन देता कामा नये. सरकारी शाळांतले शिक्षक इतके बिचकले, की मुलाला कुणी त्या नावानं चिडवलं तरी त्यावर वर्गात बोलावं की नाही असा त्यांना प्रश्न पडे. इंग्लंडमध्ये ते कलम २००३पर्यंत होतं.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधल्या राजीखुशीच्या संबंधांना कलम ३७७मधून वगळलं. त्याआधी, २०१६ साली, विद्यापीठ अनुदान आयोगानं रॅगिंगच्या व्याख्येत लैंगिक कलावरून दिलेल्या त्रासाचा स्पष्ट उल्लेख केला. पण तो नियम महाविद्यालयांसाठी आहे, आणि बायल्या हा शब्द मुलगा ऐकतो तो पाचवी-सहावीत. २०२१ साली एनसीईआरटीनं तृतीयपंथी मुलांना शाळेत कसं सामावून घ्यावं यावर शिक्षकांसाठी एक पुस्तिका तयार केली. ती संकेतस्थळावर आली, तक्रारी झाल्या आणि थोड्याच दिवसांत ती तिथून काढून घेतली गेली. मला वाळूकडं परत वळून पाहणारे डूसी मास्तर आठवले.