विश्लेषण : शेतीला साधना मानणारे रुडॉल्फ स्टायनर कोण होते?

गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरायचे, ही बायोडायनॅमिक शेतीतील पद्धत आज भारतातही वापरली जाते. ती सांगणारे रुडॉल्फ स्टायनर शेतकरी नव्हते, तत्त्वज्ञ होते. मग ते शेतीकडे कसे वळले?

रेल्वे स्थानकातले बालपण

स्टायनर यांचा जन्म १८६१ मध्ये तेव्हाच्या ऑस्ट्रियन साम्राज्यातील, आजच्या क्रोएशियातील क्राल्येवेच गावी झाला. वडील रेल्वेत नोकरीला असल्याने बालपण छोट्या स्थानकांच्या गावांत गेले. व्हिएन्नात तांत्रिक शिक्षण घेताना आगगाडीच्या प्रवासात त्यांची फेलिक्स कोगुत्स्की यांच्याशी ओळख झाली. रानातील औषधी वनस्पती गोळा करून शहरात विकणाऱ्या या साध्या माणसाकडून त्यांनी वनस्पतींकडे वेगळ्या नजरेने पाहायला घेतले. पुढे त्यांनी गटे यांच्या विज्ञानविषयक लेखनाचे संपादन केले.

भारताशी संबंध कोणता?

१९०२ मध्ये ते थिऑसॉफिकल सोसायटीच्या जर्मन शाखेचे प्रमुख झाले. या संस्थेचे मुख्यालय चेन्नईतील अड्यारला. ॲनी बेझंट यांच्या पाठिंब्याने जे. कृष्णमूर्ती यांना जगद्गुरू म्हणून पुढे आणले जात होते, ते स्टायनर यांना पटले नाही. ते वेगळे झाले आणि ‘अँथ्रोपॉसॉफी’ ही त्यांची स्वतंत्र चळवळ उभी राहिली. १९१९ मध्ये श्टुटगार्टला पहिली वॉल्डॉर्फ शाळा सुरू झाली.

शेतीचा विषय कसा आला?

पहिल्या महायुद्धानंतर रासायनिक नत्रखतांचा वापर वाढू लागला. हवेतील नत्रापासून अमोनिया तयार करणारे फ्रिट्झ हाबर मूळचे ब्रेस्लाऊचे. त्याच शहराजवळच्या कोबरविट्झ येथे (आता पोलंड) जून १९२४ मध्ये स्टायनर यांनी आठ व्याख्याने दिली. जमिनीचा कस, बियाण्याची ताकद आणि जनावरांचे आरोग्य घसरत असल्याची शेतकऱ्यांची तक्रार होती. स्टायनर तेव्हा आजारी होते, तरीही गेले.

त्यांनी काय सांगितले?

शेत हा एक सजीव देह आहे. जमीन, पीक, जनावरे आणि माणूस ही त्याची अंगे. खत शक्यतो शेतातलेच असावे. शिंगातले शेणखत वसंतात काढून, थोडेसेच पाण्यात टाकून तासभर ढवळायचे. भोवरा तयार झाला की दिशा उलटी करायची आणि मग शिंपडायचे. कंपोस्टसाठी कॅमोमाइल, ओकची साल अशा वनस्पतींची मिश्रणे होती. हे काम करणाऱ्याचे लक्ष आणि भाव स्टायनर यांच्या दृष्टीने महत्त्वाचे होते. म्हणूनच आज अनेक जण ते तासभराचे ढवळणे ध्यानासारखे करतात. चंद्र-नक्षत्रांनुसार पेरणीचे प्रसिद्ध कॅलेंडर मात्र त्यांचे नाही; ते नंतर मारिया थून यांनी तयार केले.

विज्ञान काय म्हणते?

स्वित्झर्लंडमध्ये १९७८ पासून सुरू असलेल्या तुलनात्मक प्रयोगाचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. बायोडायनॅमिकसह सेंद्रिय पद्धतींत उत्पादन सुमारे २० टक्के कमी आले, पण खतांचा वापर बराच घटला आणि मातीतील जीवसृष्टी अधिक समृद्ध आढळली. मात्र यातील किती श्रेय कंपोस्ट, फेरपालटीचे आणि किती शिंगखताचे, हा वाद कायम आहे. ग्रहताऱ्यांच्या शक्ती पिकात उतरतात, या दाव्याला ठोस वैज्ञानिक आधार मिळालेला नाही.

शेवट आणि वारसा

व्याख्यानांनंतर काही महिन्यांतच स्टायनर यांनी अंथरूण धरले. ३० मार्च १९२५ रोजी स्वित्झर्लंडमधील डोर्नाख येथे त्यांचे निधन झाले. ‘बायोडायनॅमिक’ हे नाव आणि १९२८ चे ‘डेमेटर’ हे चिन्ह त्यांच्या पश्चात आले. आपल्या सूचना आधी शेतात तपासून पाहाव्यात आणि मगच त्यांचा प्रसार करावा, अशी त्यांची अपेक्षा होती. पुढे अनेक अनुयायांनी त्याच सूचना अंतिम शब्द मानल्या. श्रद्धेने ढवळायचे की मोजून पाहायचे, हा प्रश्न बायोडायनॅमिक शेतकऱ्यासमोर आजही आहे. स्टायनर यांना दोन्ही हवे होते.