काचेवरचे आकाश

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. अमावास्येची रात्र. शेतातल्या खळ्यावर उभा राहून मी धाकट्या बहिणीला देवयानी दीर्घिकेचा पुसट ठिपका दाखवीत होतो. पंचवीस लाख प्रकाशवर्षे दूर, असे मी ऐटीत सांगितले. तिने लगेच विचारले, मोजले कोणी? कला शाखेचा विद्यार्थी मी, निरुत्तर झालो. सुट्टी संपल्यावर ग्रंथालयात उत्तर शोधू लागलो आणि हेन्रिएटा लेविटबाईंची ओळख झाली.

त्यांचा जन्म ४ जुलै १८६८ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात झाला. वडील धर्मोपदेशक. कॉलेजात त्यांनी लॅटिन, ग्रीक, तत्त्वज्ञान, ललितकला असे विषय घेतले. म्हणजे त्या जवळजवळ आपल्याच पंक्तीतल्या! खगोलशास्त्राशी गाठ पडली ती शेवटच्या वर्षी. पुढे त्या हार्वर्ड वेधशाळेत आधी बिनपगारी आणि १९०२ पासून ताशी ३० सेंटवर काम करू लागल्या. तिथे स्त्रियांना दुर्बिणीवर काम करण्याची मुभा नव्हती. पुरुषांनी टिपलेल्या आकाशाच्या काचा तपासायच्या आणि ताऱ्यांची तेजस्विता नोंदवायची, एवढेच त्यांचे काम. त्यातच आजारपणे आली, ऐकू येणे कमी होत गेले. पण डोळे शाबूत होते, आणि चिकाटीही.

पेरू देशातून आलेल्या काचांवर त्यांनी मॅगेलनच्या दोन मेघांतले १७७७ रूपविकारी तारे शोधले. हे तारे कमीजास्त तेजाने लुकलुकतात. १९१२ साली लहान मेघातल्या २५ ताऱ्यांचा हिशेब मांडताना त्यांना एक नियम सापडला : ज्याचे आवर्तन लांबलचक, तो तारा अधिक तेजस्वी. हे सारे तारे आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर असल्याने हा फरक खराच होता. गावातल्या आकाशकंदिलांत कोणता दिवा किती शक्तीचा हे ठाऊक असेल, तर तो मंद दिसतो त्यावरून किती लांब टांगला आहे हे काढता येते, तसेच हे. बहिणीला हवी असलेली मोजपट्टी ती हीच.

ज्या पत्रकात हा नियम छापला, त्याखाली सही होती वेधशाळेच्या संचालकांची. बाईंनी काम केल्याचा उल्लेख त्यांनी केला, पण लवकरच बाईंना दुसऱ्याच कामाला जुंपले. १२ डिसेंबर १९२१ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वय अवघे ५३.

दोन वर्षेही झाली नाहीत तोच, ऑक्टोबर १९२३ मध्ये, माउंट विल्सनवर एडविन हबल यांना देवयानीत तसाच एक तारा सापडला. बाईंच्या नियमाने अंतर निघाले सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षे. पुढे ते वाढून पंचवीस लाखांवर गेले. पण देवयानी आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका आहे, हे तेव्हाच ठरले. १९२९ मध्ये हबल यांनी दाखवले की, दीर्घिका जितकी दूर तितकी ती वेगाने दूर जाते. विश्व प्रसरण पावते आहे, म्हणजे कधीतरी त्याचा आरंभ झाला. तो सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी, असे आज मानतात.

१९२५ साली स्वीडनच्या एका गणितज्ञाने नोबेल पारितोषिकासाठी बाईंचे नाव सुचवावे म्हणून पत्र धाडले. त्या हयात नाहीत, हे त्याला ठाऊकच नव्हते!

कला शाखेत जाऊन काय करणार, असे मला घरीदारी विचारतात, तेव्हा मी खाली मान घालतो. या पुढे घालणार नाही. येत्या दिवाळीत खळ्यावर पुन्हा जायचे आहे. बहिणीचे उत्तर द्यायचे राहिले आहे.