वाड्यावरचा पहारा

लोकमान्य टिळकांचा तुरुंगवास सर्वांना ठाऊक आहे. तुरुंगाबाहेर त्यांच्यावर रोखलेल्या सरकारी नजरेचा विचार मात्र क्वचितच होतो.

१८५६ मध्ये रत्नागिरीस जन्मलेल्या टिळकांनी १८८१ मध्ये सहकाऱ्यांसह ‘केसरी’ सुरू केला. १८९७ मध्ये राजद्रोहाबद्दल त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. २४ जून १९०८ रोजी मुंबईत त्यांना पुन्हा अटक झाली. त्यानंतर पुण्यातील घराची झडती होऊन एक कार्ड हाती लागले. त्यावर स्फोटक द्रव्यांवरील दोन पुस्तकांची नावे होती. त्याविषयीच्या कायद्यावर टीका लिहिण्यासाठी ती टिपल्याचा खुलासा टिळकांनी केला. तथापि ते कार्ड पुराव्यात दाखल झालेच. पुस्तकाचे नाव टिपून ठेवणेही संशयास्पद ठरले! खटल्याअंती त्यांना सहा वर्षांची हद्दपारी झाली.

मंडालेच्या तुरुंगात त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले. जून १९१४ मध्ये ते सुटले, परंतु हस्तलिखिताच्या वह्या सरकारने काही काळ अडकवून ठेवल्या. गायकवाड वाड्याभोवती पोलिसांचा पहारा बसला आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची नावे टिपली जाऊ लागली. १९१६ मध्ये पोलिसांच्या लघुलेखकांनी उतरून घेतलेल्या भाषणांवरून त्यांच्याकडे वीस हजार रुपयांचा जातमुचलका व तितक्याच रकमेचे जामीन मागण्यात आले. उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला.

या पहाऱ्याने टिळक गप्प बसले नाहीत. १९२० मध्ये देह ठेवीपर्यंत ते बोलत राहिले. परंतु पहारा केवळ त्यांच्यासाठी होता काय? ज्याचे पोट सरकारी पगारावर अवलंबून, अशा शिक्षकाने वा कारकुनाने त्या दारात पाऊल टाकताना दहा वेळा विचार करावा, ही त्या नावांच्या यादीची खरी करामत होती. असा कोणी कोपऱ्यावरूनच परतला असेल, तर त्याच्यावर खटला झाला नाही. त्याची नोंदही कोठे उरली नाही.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. आता नावे टिपण्यास दारात शिपाई उभा करावा लागत नाही. दूरध्वनी व संगणक ते काम निमूटपणे करू शकतात. म्हणूनच नजर कोणावर, कोणाच्या हुकमाने आणि किती काळ, याचा जाब सरकारला विचारला गेला पाहिजे. लोकमान्यांसारखे धैर्य विरळाच असते. सामान्य माणसाला मनमोकळेपणाने वाचता, भेटता व बोलता यावे, यासाठी त्याला लोकमान्य व्हावे लागू नये.