फ्रिट्यॉफ नान्सेन

भाईंदरच्या खाडीकाठीं भरतीचें पाणी ओसरल्यावर जो चिखल उरतो, त्यांत पाऊल टाकणारा रुतत जातो. परंतु त्याच चिखलावर लांब फळी टाकली असतां भार पसरतो व मनुष्य सुखरूप पार होतो. याच साध्या तत्त्वावर हिमप्रदेशांतील स्की आधारलेल्या आहेत. पुढें वर वळलेल्या दोन लांब, अरुंद फळ्या पायांस बांधून नॉर्वेचे लोक बर्फावरून घसरत जातात. या फळ्यांच्या साह्यानें ज्यानें जगांत कीर्ति मिळविली, त्या थोर पुरुषाचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगत आहों.

फ्रिट्यॉफ नान्सेन याचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ रोजीं ख्रिस्तियानिया, म्हणजे हल्लींचें ऑस्लो, या शहराजवळ झाला. लहानपणीं त्यास वडील भावंडांच्या टाकून दिलेल्या स्की कापून मिळाल्या होत्या, व त्यांची लांबीहि सारखी नव्हती. तरी त्यांवरच त्यानें तोल सांभाळण्याचें शिक्षण घेतलें. पुढें विश्वविद्यालयांत त्यानें प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. १८८२ सालीं सील प्राण्यांची शिकार करणाऱ्या जहाजावरून उत्तरेस गेला असतां ग्रीनलंडचा किनारा त्याच्या दृष्टीस पडला, आणि हें हिमाच्छादित बेट स्कीवरून ओलांडावें असा विचार त्याच्या मनांत रुजला.

पूर्वींचे प्रवासी पश्चिमेच्या वस्तीकडून निघत व अडचण येतांच परतत. नान्सेननें निर्जन पूर्व किनाऱ्यावरून निघण्याचें ठरविलें. मागें अन्न नाहीं, आसरा नाहीं. पुढें गेल्यावांचून जीव वांचावयाचा नाहीं. पुष्कळांनीं हा वेडेपणा ठरविला. सहा मनुष्यांचे प्राण जर साधनांवर अवलंबून, तर तीं साधनें किती पारखून घेतलीं पाहिजेत!

ओलसर, भरड बर्फाला लांकूड चिकटतें, हें नान्सेन जाणून होता. उलट, फळी अति गुळगुळीत असली तर चढावर ओझें ओढतांना ती मागें घसरते. हे दोन्ही दोष एकदम टाळावयाचे होते. त्यानें नऊ जोड घेतले. दोन ओकच्या लांकडाचे व सात बर्चच्या. फळी सुमारें साडेसात फूट लांब व साडेतीन इंचांहून थोडी अधिक रुंद होती. बर्चच्या फळ्यांना खालून पोलादाचा पातळ पत्रा लावला, व पावलाखालीं पत्र्यांत खाच ठेवून तींत एल्क नामक मोठ्या हरिणाच्या कातड्याची केसाळ पट्टी बसविली. केस मागें वळलेले असल्यानें पुढें जातांना ते अडत नाहींत, परंतु फळी मागें सरकूं लागतांच बर्फ धरून ठेवतात.

१५ ऑगस्ट १८८८ रोजीं चढण सुरू झाली. त्याच्यासह चार नॉर्वेजियन व दोन सामी जमातीचे गृहस्थ होते. प्रत्येकास सुमारें दोनशें पौंड ओझें ओढावें लागे. चढ इतका उभा कीं प्रारंभीं स्की गाड्यांवर बांधून ठेवल्या व पुढें कांहीं दिवस जाळीदार पादत्राणें वापरलीं. २ सप्टेंबरपासून मात्र सलग एकोणीस दिवस ते स्कीवरच होते, आणि तेवढ्यांत त्यांनीं जवळजवळ २४० मैल काटले. सुमारें ८,९०० फूट उंची व शून्याखालीं ४५ अंशांपर्यंत थंडी त्यांनीं सोसली. ३ ऑक्टोबरला नान्सेन व स्वेरड्रुप गॉटहॉब येथें पोहोंचले. सहाही जण सुखरूप राहिले.

ज्या ओल्या बर्फासाठीं पोलाद लावलें, तो त्यांस भेटलाच नाहीं. ओकच्या साध्या फळ्यांनींहि काम भागलें असतें, असें नान्सेननें आपल्या ग्रंथांत मोकळ्या मनानें नमूद केलें, कारण मागून येणाऱ्यास त्याचा उपयोग व्हावा. आमच्या मतें या लिहिण्यांत त्याचा खरा मोठेपणा आहे.

पुढें एप्रिल १८९५ मध्यें तो योहानसेनसह ८६ अंश १४ कला उत्तर अक्षांशापर्यंत गेला. तोंवर इतक्या उत्तरेस कोणीहि पोहोंचलें नव्हतें. पहिल्या महायुद्धानंतर देशोधडीस लागलेल्या लक्षावधि लोकांची काळजी राष्ट्रसंघानें त्याच्यावर सोंपविली. ज्यांस स्वतःचा देशच उरला नव्हता, त्यांच्यासाठीं त्यानें १९२२ सालीं एक दाखला सुरू करविला. नान्सेन पासपोर्ट या नांवानें तो प्रसिद्ध आहे. त्याच वर्षीं त्यास शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें. १३ मे १९३० रोजीं त्याचें देहावसान झालें.

विद्यार्थ्यांनो, धाडस म्हणजे डोळे मिटून उडी घेणें नव्हे. वाट कशी आहे, ओझें किती आहे, हें आधीं तपासून मगच नान्सेननें परतीची वाट सोडून दिली. आणि पालकांनीं हेंहि ध्यानांत ठेवावें कीं, ज्या मुलानें पुढें ग्रीनलंड ओलांडलें, त्याचा आरंभ भावंडांच्या जुन्या, तोकड्या फळ्यांवरच झाला होता.