विश्लेषण : चिनी नायिकेची भूमिका चिनी वंशाच्या अभिनेत्रीलाच का नाकारली? कोण होत्या ॲना मे वाँग?

अमेरिकेने २०२२ मध्ये २५ सेंटच्या नाण्यावर ॲना मे वाँग यांची प्रतिमा आणली. अमेरिकी चलनावर झळकलेल्या त्या पहिल्या आशियाई-अमेरिकी व्यक्ती. हयातीत मात्र हॉलीवूडने त्यांना दुय्यम भूमिकांतच अडकवून ठेवले.

सुरुवात कशी झाली?

वाँग यांचा जन्म ३ जानेवारी १९०५ रोजी लॉस एंजेलिसमधला. वडिलांची लॉन्ड्री होती. ‘द टोल ऑफ द सी’ (१९२२) या रंगीत मूकपटात त्या १७व्या वर्षी नायिका झाल्या. ‘द थीफ ऑफ बगदाद’ने (१९२४) प्रसिद्धी दिली, पण पुढेही वाट्याला आल्या दासी किंवा खलनायिकाच. कंटाळून १९२८ मध्ये त्यांनी युरोप गाठले.

‘द गुड अर्थ’मध्ये काय घडले?

चिनी शेतकरी कुटुंबाच्या या चित्रपटात नायक म्हणून गोरे पॉल म्युनी आले. भिन्नवंशीय जोडपे पडद्यावर दाखवण्यास तेव्हाच्या हेज कोडची आडकाठी होती. त्यामुळे नायिकाही गोरीच निवडली गेली. जर्मनीत जन्मलेल्या लुईस रेनर यांना ती भूमिका मिळाली आणि ऑस्करही. वाँग यांच्यापुढे नायकाच्या दुसऱ्या बायकोची नकारात्मक भूमिका ठेवण्यात आली. त्यांनी ती नाकारली.

पुढे काय झाले?

‘डॉटर ऑफ शांघाय’मध्ये (१९३७) त्या नायिका, तर कोरियन-अमेरिकी फिलिप आन नायक होते. १९५१ मध्ये टीव्ही मालिकेतही त्यांनी मुख्य भूमिका केली. बहुतांश आशियाई कलाकार असलेल्या ‘फ्लॉवर ड्रम साँग’साठी त्यांची निवड झाली होती. मात्र, आजारपण आडवे आले. ३ फेब्रुवारी १९६१ रोजी, ५६व्या वर्षी त्यांचे निधन झाले. चित्रपट त्याच वर्षी प्रदर्शित झाला.