वस्तीत राहून शिकलेले समाजशास्त्रज्ञ : डू बॉइस

दरवर्षी कॉलेजचे विद्यार्थी फॉर्म घेऊन आपल्या वस्त्यांत येतात. माहिती नेतात, रिपोर्ट जमा करतात, मार्क मिळवतात. त्यातून काय निघाले, हे वस्तीला कधीच कळत नाही. फिल्डवर्कला निघालेल्या आपल्या तरुणांना म्हणूनच आम्ही डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांची ओळख करून देत आहोत.

त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८६८ रोजी अमेरिकेतील ग्रेट बॅरिंग्टन गावी झाला. हार्वर्डची पीएच.डी. मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय (१८९५). पुढच्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डाचा अभ्यास दिला. वर्गात शिकवण्याचे काम मात्र दिले नाही. शहरातील बिघाडाचे खापर तेव्हा कृष्णवर्णीयांवर फोडले जात होते.

डू बॉइस पत्नीसह त्याच वॉर्डात राहायला गेले, घरोघर फिरले. लोकांनी लगेच दार उघडले नाही. आपल्याला कुणी विचित्र प्राण्यासारखे तपासावे, हे त्यांना खपत नव्हते. आपण याच समाजाचे असूनही आपल्या माणसांविषयी फार थोडे जाणतो, हे डू बॉइस यांना तिथे उमगले. गुलामीचा वारसा, रोजगारातील भेदभाव आणि गोऱ्यांचा पूर्वग्रह यांनी वस्तीला कसे जखडले आहे, हे त्यांनी १८९९ च्या ग्रंथात मांडले.

१८९७ पासून ते अटलांटा विद्यापीठात शिकवू लागले. तिथे माजी विद्यार्थी आपापल्या गावाची माहिती गोळा करत. आरोग्य, धंदा, चर्च, कुटुंब अशा विषयांवर दरवर्षी परिषद भरे. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनासाठी विद्यार्थ्यांनी त्यांच्यासोबत रंगीत तक्ते हाताने काढले.

पण १८९९ मध्ये अटलांटाजवळ सॅम होज या कृष्णवर्णीय मजुराला जमावाने जाळून मारले. नुसत्या अभ्यासाने अन्याय थांबत नाही, हे डू बॉइस यांना कळले. १९१० मध्ये प्राध्यापकी सोडून ते नागरी हक्कांच्या चळवळीत उतरले. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहिले, त्यांनीही उत्तर दिले. २७ ऑगस्ट १९६३ रोजी घानामध्ये त्यांचे निधन झाले.

तरुण मित्रांनो, आपली वस्ती आपल्याला आधीच माहीत आहे असे समजू नका. प्रश्न वस्तीसोबत बसून ठरवा. कॉलेजात जमा करण्याआधी रिपोर्ट विहारात वाचून दाखवा. चूक असेल तर आपल्या आया-बहिणी तिथेच सांगतील.

जय भीम!